पालथा डबा

"माणूस गेल्यावर त्याच्यावरचा आळ पुसता येतो का?"

एका दमात विचारून ती मोकळी झाली, आणि मग तिला आठवलं की आधी नमस्कार करायचा असतो.

टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. दारावरच्या पाटीवर 'खासगी तपास' एवढंच लिहिलेलं होतं. "हा प्रश्न तुझा, की जिन्यात खिदळणाऱ्या त्या तिघींचा?"

"प्रश्न माझा, पैज त्यांची. म्हणाल्या, आत जाऊन विचारायची तुझ्यात हिंमत नाही."

"मग जिंकलीस. आता बस. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग सांग. दोन्ही एकदम केलं की मला काही कळत नाही."

ती रडली नाही. भडाभडा बोलत सुटली.

तिचे मोठे काका फळं डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात होते. कुठल्या फळाच्या डब्याला कुठला पत्रा वापरायचा, हे ठरवणं त्यांचं काम. सगळे त्यांना पत्रेकाका म्हणत. गेल्या वर्षी नासपतीचे डबे गोदामात फुगले. दोन दिवसांत भरलेला सगळा माल खड्डा खणून गाडावा लागला. काकांनी कागदावर दोन वाक्यं लिहिली, 'पत्र्याची निवड माझी. चूक माझी.' आणि घरी येऊन बसले ते बसलेच. दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेले.

"काकांना शेवटचं बघायला कारखान्यातून एकच बाई आली. एकच! आणि वर्गातल्या मुली मला बघून असे गाल फुगवतात." तिने फुगवून दाखवले. मग तळहातांनी दाबून ते सपाट केले. "काका चहात साखर विसरतील, चप्पल उलटसुलट घालतील. पण पत्र्याच्या बाबतीत चुकणार नाहीत."

"घरातलं आणखी कोण आहे त्या कारखान्यात?"

"बाबा. पत्रा लावायच्या टेबलावर. काकांनीच त्यांना तिथे चिकटवलं."

बाईंनी छत्री उचलली. "चल. आधी खोली दाखव."

खोली जशीच्या तशी होती. खाट, खिडकी, भिंतीत फळी. फळीवर पत्र्याचा एक तळहाताएवढा तुकडा आणि बिनलेबलाचे दोन डबे. एकात पेन्सिली होत्या, त्याच्या अंगावर बारीक समांतर रेघा. दुसरा पालथा घातलेला. तो बाहेरून अगदी कोरा, चकचकीत.

"हे बघा ना!" तिने तुकडा हातात घेतला. काकांनी शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. "आत पोलाद, दोन्हीकडून कथलाचा मुलामा. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पातळ बाजूला रेघा मारून येतात, म्हणजे कामगारांना ओळखू यावी. जाड बाजू नेहमी आत. फळाच्या आंबटपणाशी तिलाच झुंजायचं असतं ना."

"आतून लाखेचा लेप देत नाहीत?"

"टोमॅटोला देतात. नासपतीला नाही, फळ काळपट पडतं. उघडं कथील असलं की ते आधी स्वतः झिजतं, पोलादाला आणि फळाला सांभाळतं. काका म्हणायचे, फार गरीब स्वभावाचा धातू आहे."

बाईंनी पालथा डबा उचलला, खिडकीपाशी नेऊन आत पाहिलं आणि होता तसाच पालथा ठेवला.

"हा पालथा का?"

"आत धूळ बसू नये म्हणून. काका त्याला हात लावू द्यायचे नाहीत."

"आणि पेन्सिलींच्या डब्यात धूळ बसलेली चालायची?"

तिने दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

बाबा दारात येऊन उभे होते. काका गेल्यापासून ते त्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

"टेबलावर पत्रा कोण चढवतं?" बाईंनी सहज विचारलं.

"मीच."

"त्या दोन दिवशीही?"

"मीच." बाबांची नजर फळीवर गेली आणि चटका बसल्यासारखी परतली. "आता उकरून काय मिळणार, बाई? दादांनी लिहून दिलंय ना स्वतःच्या हाताने."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी कारखान्यात गेल्या. वाटेत तिने गुन्हेगार पकडूनही टाकला होता. "साहेबच! त्यांनी हलका पत्रा घेतला असणार, आणि काकांच्या गळ्यात बांधला."

"बरं. त्यांना बेड्या घालायच्या आधी दोन प्रश्न विचारू दे."

साहेब सभ्य होते, थकलेले होते. "पत्रा? चार वर्षं तोच. त्याच खेपेतला आधी वापरला, नंतरही वापरला. ते सगळे डबे उत्तम निघाले."

"मग ह्याच दोन दिवसांत काय बिघडलं?"

"कोण जाणे. खरं सांगू? पत्रेकाकांनी शोधूच दिलं नाही. एरवी प्रत्येक चळतीतला तुकडा तपासणारा माणूस! फुगलेला डबा स्वतः कापला, आत बघितलं, आणि तासाभरात कागद लिहून आणला. एकही डबा प्रयोगशाळेत पाठवला नाही. म्हणाले, कशाला, मला कळलंय."

"त्या दोन दिवसांत काही वेगळं होतं?"

"काही नाही. एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं होतं. मी सगळ्यांना बजावलं होतं, फरशी, यंत्रं, डबे, सगळं कसं लखलखीत दिसलं पाहिजे."

साहेबांच्या हातातल्या बेड्या तिने मनातल्या मनात काढून घेतल्या. जरा हिरमुसूनच.

लेबलं चिकटवणाऱ्या बाईंना सगळे डिंकमावशी म्हणत. काकांना शेवटचं बघायला आलेल्या त्या ह्याच. त्यांनी तिला पोटाशी धरलं, तेव्हा तिच्या केसांनाही थोडा डिंक लागला.

"ते दोन दिवस? आठवतात की! डबे कसे, तोंड बघून कुंकू लावावं असे. एक रेघ नाही अंगावर. मी म्हटलंसुद्धा, आज लेबल लावून झाकायचं जिवावर येतंय गं बाई."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

"पत्रेकाकांना. डबे फुगले त्या दिवशी. ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, हे आणखी कुणाजवळ बोलू नका. आता ते नाहीत, आणि तू त्यांची पोर आहेस, म्हणून बोलले."

परत येताना ती केसांतला डिंक सोडवत होती. मग म्हणाली, "रेघा नव्हत्या, म्हणजे पत्राच दुसरा होता?"

बाईंनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही. नुसतं विचारलं, "घरी आई-बाबा असतील ना आत्ता?"

स्वयंपाकघरात आईने चौघांपुढे चहा ठेवला. कुणी तो प्यायला नाही. बाईंनी पालथा डबा आणून मध्ये ठेवला.

"पत्रा वाईट असता तर खेपेतले सगळे डबे फुगले असते," त्या म्हणाल्या. "फुगले फक्त दोन दिवसांचे. म्हणजे निवड बरोबर होती, वापरताना काहीतरी झालं. त्या दोन दिवशी डब्यांच्या अंगावर रेघा नव्हत्या. पण पत्रा तोच होता, मग रेघा गेल्या कुठे?"

त्यांनी डबा सुलटा केला आणि तिच्याकडे सरकवला.

तिने आत पाहिलं. आतून करडे, काळपट डाग पसरले होते. मध्ये कुठेकुठे कथील शिल्लक होतं, आणि तिथे त्या होत्या. बारीक, समांतर.

"रेघा आत," ती पुटपुटली. "पातळ बाजू आत. कोणीतरी चळत उलटी लावली."

"आंबट रसाने पातळ कथील खाल्लं, मग पोलादाला गाठलं. त्यातून वायू सुटला आणि डबे फुगले. तुझ्या काकांना डबा कापताक्षणीच हे कळलं. प्रयोगशाळेतही कळलं असतं, म्हणून एकही डबा तिथे जाऊ दिला नाही. हा एक घरी आणला आणि पालथा ठेवला. धुळीसाठी नाही, आत कुणी बघू नये म्हणून. आता एवढंच उरतं, की टेबलावर पत्रा कोण चढवतं."

ते उत्तर तिला माहीत होतं. तिनेच पहिल्या दिवशी दिलं होतं.

बाबांनी दोन्ही हातांनी कप धरला होता, पडेल की काय असा.

"साहेब म्हणाले, लखलखीत दिसू दे," ते हळूच म्हणाले. "मला त्या रेघा घाणेरड्या दिसायच्या. वाटलं, आत गेल्या तर काय बिघडतं? दादा त्या दोन दिवशी बाहेरगावी होते, त्यांनी चळत पाहिलीच नाही. उरलेला पत्रा मी पुन्हा सुलट लावून ठेवला." त्यांनी कप खाली ठेवला. "डबे फुगल्यावर मी सांगायला निघालो होतो. दादांनी दारातच अडवलं. म्हणाले, मी एकटा जीव, माझं काय अडणार आहे? तुझ्या पोरीचं शिक्षण व्हायचंय. गळ्याची शपथ घातली मला."

आईने पदर तोंडाला लावला. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं.

बाईंनी छत्री घेतली. दाराशी थांबून म्हणाल्या, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पुसता येतो. पण ते माझ्या हातात नाही."

त्या गेल्यावर तिने काकांच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. काका वर्षभर त्या खोलीत बसून होते. ती शाळेतून आली की विचारायचे, आज काय शिकलीस? ती 'काही नाही' म्हणून दप्तर फेकायची.

"बाबा, तुम्ही आत का जात नव्हतात, ते कळलं मला."

"राग आलाय?"

"हो." मग त्यांचा गार झालेला कप बाजूला सारत, "आणि वाईटही वाटतंय. तुमचंसुद्धा."

"दादांना वचन दिलंय गं मी."

"अगं, ह्यांची नोकरी गेली तर?" आई म्हणाली. "तुझी शाळा?"

तिने डबा उचलला आणि काठावरून बोट फिरवलं. आता तो पालथा ठेवायचा नव्हता.

"शपथ तुम्ही घेतली होती, बाबा. मी नाही. उद्या सकाळी हा डबा घेऊन मी साहेबांकडे जाणार आहे, आणि आतल्या रेघा त्यांना दाखवणार आहे. शाळेची फी नाही भरता आली तर घरी बसून परीक्षा देईन. पण काकांच्या त्या कागदाच्या जिवावर मी नाही शिकणार. तुम्ही बरोबर आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात, तरी मी जाणार."