तेरावा बिल्ला

राजारामपुरीत क्लासखाली गाडी लावत होते, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या सॅकवर मला आमचा बिल्ला दिसला... आणि माझं डोकंच फिरलं.

आमचा म्हणजे खरोखर आमचा. ‘ल्यूमा’ या कोरियन बँडच्या कोल्हापुरातल्या आम्ही बारा वेड्या चाहत्या. पोस्टर, फोटोकार्डं बाजारात कुणालाही मिळतात, म्हणून आमच्या गटाची म्होरकी राजनंदिनी हिनं खास चंद्राचा जांभळा बिल्ला काढला. बनवून घेतला मी. मोजून बारा. बिल्ला जिच्याकडे ती आपली, असा नियम. महिन्याभरापूर्वी कुणीतरी ‘मीही ल्यूमावाली’ म्हणत आमच्यातल्या दोघींना नकली कार्डं विकली, तेव्हापासून हा नियम कडक झाला. आता तेरावा बिल्ला निघाला म्हणजे बोट माझ्याकडेच येणार, आणि गटातून हकालपट्टी ठरलेली.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि “ए, थांब” म्हणाले. माझा आवाज ऐकल्यावर तो हसला. छान हसतो, हे तेव्हाही कळलं होतं, पण नकली माल विकणारेही छानच हसतात.

“ल्यूमातलं कोण आवडतं?”

“तो... ड्रम वाजवतो बघा, तो.”

ल्यूमात पाच मुली आहेत. ड्रम एकही वाजवत नाही.

बिल्ला कुठून आणला, ते आत्ताच्या आत्ता सांग, नाहीतर माणसं गोळा करते, असा मी दम दिला. कोल्हापुरात त्याला वेळ लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं कान खाजवला आणि सांगायला लागला. नाव ऋषभ, गाव कुरुंदवाड. लक्ष्मीपुरीत काकाचा बिल्ले बनवायचा कारखाना आहे, तिथं तो काम करतो. आमची ऑर्डर त्याच्याकडेच गेली होती. मी फक्त फोनवर बोलले होते, माल मैत्रिणीनं आणला होता.

“सात येळा फोन करून जांभळा रंग बदलायला लावलासा,” तो म्हणाला. “काका वैतागलेला. मी मातुर आठव्या फोनची वाट बघत बसायचो... आलाच न्हाय. मग एक बिल्ला जादा काढला.”

“कशासाठी?”

“ह्यो वळखणाऱ्या बाराच जणी. कधीतरी तुम्हीच अडवशीला म्हणून पंधरा दिवस लावून फिरतोय. लोकं इचारत्यात, कुठल्या पक्षाचा हाय.”

“नंबर होता की तुझ्याकडं. फोन करायचा.”

“त्यो ऑर्डरीसाठी दिल्याला. त्याच्यावर असलं बोलणं बरं न्हवं.”

हे मात्र मला आवडलं. आवडलं म्हणूनच जास्त शंका आली. मी तिथल्या तिथं कारखान्यात फोन लावला. काका म्हणाले, “त्या जांभळ्या रंगाच्या बाई तुम्हीच व्हय? आमचं पोरगं कामातनं गेलं की.”

ऋषभ खाली बघत होता... मीही दुसरीकडे बघितलं.

बिल्ला गुपचूप लपवता आला असता. पण बाकीच्या अकरा जणींशी खोटं बोलायचं धाडस मला झालं नाही. गटावर सगळं लिहून पाठवलं. राजनंदिनीचं उत्तर लगेच आलं : चूक त्याची आहे, तुझी नाही. बिल्ला काढून घे. तो आपल्यातला नाही.

मी ते त्याला वाचून दाखवेपर्यंत त्यानं पिन सोडवून बिल्ला माझ्या हातावर ठेवलासुद्धा.

“बरोबर हाय त्यांचं. मी गाणी बी ऐकली न्हाईत.”

एवढं बोलून तो सॅक पाठीला लावून निघाला. माझी गटातली जागा वाचली होती, तरी मला फार वाईट वाटलं. उद्या हा रस्त्यात दिसला तर कुठल्या निमित्तानं अडवायचं?

“ऋषभ,” मी हाक मारली. तो वळला.

“गटात तुला जागा न्हाय.”

“व्हय, कळलं.”

“माझ्याकडं हाय.”

तो दोन पावलं परत आला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला.

“खरंच म्हणताय... का माणसं गोळा करणार हायसा?”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर संशय घेत होतं. मी त्याचा हात धरला.