झाळलेला गडू

काशीत कुणी अखेरच्या घटका मोजत असलं, तरी आम्ही रामघाटवाले फारशी धावपळ करत नाही. इथे मरायला लोक लांबून लांबून येतात, आम्ही तर जन्मापासून जागा धरून बसलोय. म्हणून ज्येष्ठातल्या त्या दुपारी आमच्या गल्लीतल्या ऋतुराजचा फोन आला, "काकू, आई आता जातेय असं वाटतंय, काकांना घेऊन या ना," तेव्हा मी आधी कैरीचं पन्हं बाटलीत भरून घेतलं. आईच्या उशाशी बसलेल्या पोराच्या पोटात सकाळपासून काही गेलं नसणार, हे मला ठाऊक होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंखा तुमच्याकडे वळवून घ्या, आणि तहान लागली असेल तर आधीच पिऊन घ्या. मध्ये कुणी पाणी मागितलं की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही.

आमचे हे, बिंदुमाधवशास्त्री. इथल्या मराठी घरांत यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पहाटेचं गंगास्नान कधी चुकलं नाही, अशी ख्याती. स्नानाहून परतताना हे तांब्याचे छोटे गडू भरून आणत, कासाराकडून त्यांची तोंडं झाळून पक्की बंद करून घेत आणि घरोघरी, यात्रेकरूंना देत. असा गंगेचा गडू मराठी देवघरात वर्षानुवर्षं बसून असतो. घरातलं कुणी जायला निघालं, की तो फोडायचा आणि तुळशीपानाबरोबर त्यातलं पाणी तोंडात घालायचं. यांच्या हातचा गडू मिळाला म्हणजे माणूस निश्चिंत.

ऋतुराज मात्र रेल्वेतला, देवाधर्माची थट्टा करणारा. पण यांना पाहून पाहून तो आपणहून संध्या शिकला. "काका करतात ना, मग त्यात काहीतरी असेलच," असं म्हणायचा. हे ऐकून आमच्या यांची छाती कशी फुगायची! मी चिडवायचे सुद्धा, की सदऱ्याची बटणं तुटतील हो.

खटकण्यासारखं एकच होतं. अलीकडे यांचा पंचा धुताना त्याला गंगेच्या गाळाचा वास येत नसे. मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं.

तर आम्ही गेलो. सीतामावशी, म्हणजे ऋतुराजची आई, आमच्या सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ऋतुराज तिला फार उशिरा झालेला, म्हणून तो आम्हाला काका-काकू म्हणतो. गल्लीच्या आतल्या अंगाला तळमजल्याची खोली. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, सुटलेली, आत वीज गेलेली. भर दुपारी तिथे अंधार होता आणि तुळशीचा, कापराचा, जुन्या गोधड्यांचा वास कोंडून राहिला होता. मावशी अगदी शुद्धीवर होती. मला बघून हसली.

"मधू, आलीस? बिंदू कुठंय? त्याच्या हातचं गंगेचं पाणी... बास. मग मी मोकळी."

हे उशाशी बसले. यांनीच दिवाळीत दिलेला देवघरातला गडू ऋतुराजनं आणून दिला, यांनी चाकूच्या टोकानं झाळ फोडली. तुळशीचं पान जिभेवर ठेवून पळीभर पाणी सोडलं. घोट उतरल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मावशीनं डोळे मिटले, आणि मग हळूच म्हणाली, "पाणी."

यांनी पुन्हा पळी भरली. पुन्हा घोट. पुन्हा, "पाणी... दे ना रे."

गडू रिता झाला. मी वाकून पाहिलं. जीभ कोरडीठाक होती, ते तुळशीचं पानसुद्धा सुकून चुरगळलं होतं. उशीवर थेंब सांडलेला नव्हता. ऋतुराजनं घाबरून माठातलं पाणी आणलं. मी पन्ह्याची बाटली पुढे केली. सगळं आत जात होतं, सगळं. आणि मावशीचे ओठ तडकत चालले होते.

मग तो आवाज सुरू झाला. मावशी एक घोट घ्यायची, आणि खोलीत घोट मात्र कितीतरी वाजायचे. कोपऱ्यात, दाराआड, माझ्या मानेच्या अगदी मागे... गटक, गटक. घाईघाईनं पिणाऱ्या माणसांचे.

"काका, ये क्या हो रहा है?" ऋतुराज भिंतीला जाऊन टेकला.

मावशी दाराकडे बघत होती. "इथे केवढी गर्दी आहे रे बिंदू... जोशांची बकुळ आहे. श्रीनिवास मास्तर आहेत... ओंजळी पुढे करून उभे आहेत सगळे. माझ्या आधी त्यांचा नंबर. माझ्यापर्यंत येतच नाही."

बकुळ आणि मास्तर, दोघंही गेलेली माणसं. दोघांच्याही तोंडात शेवटचं पाणी यांच्याच गडूतलं पडलेलं.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पळी खाली ठेवली होती. इतकी वर्षं संसार केला, पण हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मधू," हे म्हणाले, "हे पाणी गंगेचं नाही."

घोटांचे आवाज थांबले, जणू तेही ऐकत होते.

"पावसाळ्यात मी घाटावर पडलो होतो ना... तेव्हापासून पायऱ्यांकडे बघितलं की परत पडेन असं वाटतं. उतरवतच नाही. गल्लीच्या तोंडाशी नळ आहे, तिथेच अंग धुतो. गडूही तिथेच भरतो. शास्त्रीबुवा पायऱ्यांना भितात, हे कुणाला कसं सांगू?"

ऋतुराजनं रिता गडू उचलून बाजूला ठेवला. "एकदा सांगायचंत ना काका," तो म्हणाला. "मीच आणून दिलं असतं की पाणी. रोज."

मला राग आला, भयंकर आला, आणि त्याच क्षणी दयाही आली. एवढ्याशा भीतीला केवढं मोठं झाकण घातलं होतं या माणसानं! "अहो, उठा," मी म्हटलं. "तिला अशी तहानलेली जाऊ द्यायची नाही. मी येते बरोबर."

ज्येष्ठात गंगा पार खाली गेलेली असते, पायऱ्या संपता संपत नाहीत, आणि त्या दुपारी दगड नुसते भाजत होते. पहिल्या पायरीशीच हे अडले. माझा हात यांनी बाजूला केला आणि खाली बसले. मग लहान मूल उतरतं तसे, बसत बसत, एकेक पायरी सरकत निघाले. सावलीत बसलेले मल्लाह, नावाडी, उठून उभे राहिले. "अरे, सास्तरीजी को का हुआ?" कुणीतरी विचारलं. हे थांबून मोठ्यानं म्हणाले, "डर लगता है भैया. बहुत दिन से लगता है." कुणी हसलं नाही. मी मात्र तोंडाला पदर लावून रडले.

गडू भरून आम्ही वर आलो तोवर मावशीचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलत होते. यांनी पळी तिच्या ओठांना लावली.

एकच घोट वाजला. तिचाच.

"आलं," मावशी म्हणाली. चेहरा इतका निवांत झाला, की मला तिच्या सुखाचा हेवा वाटला. त्यानंतर तिनं श्वास घेतला नाही. ऋतुराजनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. यांच्या पायांना हात लावायची त्याची नेहमीची सवय, पण त्या दिवशी त्यानं तो लावला नाही. तेरावं झाल्यावर त्याची संध्येची पळी-पंचपात्री आमच्या उंबऱ्यावर ठेवलेली सापडली. त्याच्याशी आजही आमचं बोलणं आहे, सणाला येतो, पोटभर जेवतो. देवाचा विषय मात्र काढत नाही. यांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पुढे यांनी ओळखीच्या एकेका घरी फोन करून खरं सांगितलं. कुणी रडलं, कुणी दोन शब्द सुनावले. पण जे यात्रेकरू गडू घेऊन गावोगावी गेले, त्यांना कुठे शोधायचं? त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत. ते गडू कुठल्या कुठल्या देवघरांत आपल्या वेळेची वाट बघत बसले असतील.

म्हणून आता हे रोज बसत बसत घाट उतरतात आणि गंगेची कळशी भरून आणतात. त्या सगळ्या तहानलेल्यांसाठी आम्ही ती दुपारी उंबऱ्याशी ठेवतो. संध्याकाळी कळशी रिकामी असते, काठ ओला आणि खालची फरशी कोरडी. पहिल्यांदा माझी दातखीळ बसली होती. आता त्याचीही सवय झाली. खरं सांगू? घरात इतकं स्वस्थ मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. यांना झोप लागते, पंच्याला गाळाचा वास येतो, आणि मीही दुपारी कळशी ठेवली की बिनघोर पडते.

मावशी गेल्यानंतर यांनी एक गडू स्वतःसाठी भरून ठेवला होता. माझ्यादेखत गंगेत बुडवला, माझ्यादेखत कासारानं झाळला. काल देवघर पुसताना तो उचलला, तर हाताला हलका लागला. झाळ जशीच्या तशी होती, कुठे चीर नाही, कुठे ओल नाही. कानाशी धरून हलवला. आत काही वाजलं नाही.

तेवढ्यात आतून यांची हाक आली, "मधू, जरा पाणी दे गं..."

मगाशीच तर तांब्याभर दिलं होतं.