सईची फुंकर

खोटं वाटलं तर वाटू दे. मी त्या गच्चीवर होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

चिखलोलीला माझा दादा जितेश भाड्यानं राहायचा, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यातला रविवार, भर दुपार. किचनचा नळ खोकायला लागला.

फुस्स... मग काहीच नाही.

टाकी तर भरलेली.

"लाईनीत हवा धरलीय," दादा म्हणाला. "खालून नळाला तोंड लावून फुंकायचं. वर टाकीत बुडबुडे आले की मोकळं."

आमचा दादा अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा. किर्तीवहिनी म्हणाली, "मग तुम्हीच फुंका ना." पण साहेबांना वर उभं राहून हुकूम सोडायचे होते. फुंकायला लावलं सईला, त्यांच्या मुलीला. फुगे फुगवण्यात ती पटाईत, म्हणून.

मी आणि दादा गच्चीवर गेलो. कठड्यावरून वाकून तो ओरडला, "फुंक! अजून जोरात!"

"पप्पा, दम लागतोय..."

"नाटकं नकोत. फुंक!"

बुडबुडे आले. दादा खूश. त्यानं सईला वर बोलावलं. ती धापा टाकत आली आणि माझा हात धरून उभी राहिली.

टाकीत बुडबुडे येतच होते...

"किर्ती, तू फुंकतेयस का?"

"नाही हो! मी नळ बंद केलाय."

बुडबुडे थांबले. मग पाणी आत ओढलं गेलं... कुणीतरी मोठा घोट घ्यावा तसं.

सईचा हात गार पडला.

"आलं पाणी!" खालून वहिनी ओरडली. तिनं नळ सोडून पाहिला होता. इकडे सईचं तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आणि श्वास नाही.

वहिनीनं नळ बंद केला. सईनं श्वास घेतला.

तेव्हापासून हे असंच. तो नळ उघडला की पोरीचा श्वास बंद. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. लाईन कापायला प्लंबर आणला, तर पाईपवर करवत टेकताच सईनं गळा धरला. प्लंबर हत्यारं टाकून पळाला.

दादानं घर सोडलं, अंबरनाथला आला. आम्हा मूर्खांना वाटलं, सुटलो.

चिखलोलीच्या त्या घरात भूपेश नावाचा नवा भाडेकरू आला. त्यानं पहिल्यांदा भांडी घासली, तेव्हा सई इकडे जमिनीवर कोसळली.

दादा मला घेऊन चिखलोलीला गेला आणि त्याच्या पाया पडला. भूपेश हसला. "व्हिडिओ कॉल लावा. बघू तरी."

पटावं म्हणून दादानं तिथूनच घरी वहिनीला लावला. भूपेशनं नळ उघडला. स्क्रीनवर सई तडफडायला लागली.

"बंद करा हो!" दादा किंचाळला.

भूपेश स्क्रीनकडे टक लावून बघत होता. हसणं थांबलं होतं त्याचं. मला वाटलं, घाबरला.

"थांबा," तो म्हणाला. "पूर्ण सोडून बघतो."

मला त्या नळातल्या गोष्टीची भीती वाटते. पण या माणसाची जास्त वाटते.

आज पुन्हा त्याचा मेसेज आलाय. सई माझ्या शेजारी चित्र काढत बसलीय. तिला सांगितलेलं नाही.

"पाहुणे आलेत, त्यांना दाखवायचंय. फोन उचला. नाहीतर नळ उघडा टाकून बाहेर जाईन."

फोन वाजतोय...