ओमाहाची चौकशी

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. आजूबाजूला कुणाला काही कळत नाही असं धरून तो भर गर्दीत घरचं सगळं बोलत सुटतो. मी त्यातलीच. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्टेशनच्या बाहेर पाऊस थांबायची वाट बघत उभी होते आणि आईला फोनवर ठणकावून सांगत होते, की मुलगा पसंत आहे की नाही ते नंतर बघू, आधी ते ओमाहा नकाशात कुठे आहे हे तरी तुला माहीत आहे का?

"नेब्रास्कात," शेजारून आवाज आला. "अमेरिकेच्या अगदी मधोमध. कुठल्याही बाजूला गेलात तरी समुद्र लांबच."

वळून बघितलं तर एक उंच, किडकिडीत माणूस. गळ्यात ऑफिसचं कार्ड, शर्टाची एक बाही पावसानं चिंब. हसत वगैरे नव्हता. मी लाजेनं मेले. त्यानं माफी मागितली. म्हणाला, तीन वर्षं राहिलोय तिथे, म्हणून तोंडातून निघून गेलं. आणि मी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, हे लगेच आईला सांगून बसले.

झालं. माझी आई डोंबिवलीतल्या स्थळाची चौकशी त्याच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊन करणारी बाई. ओमाहात कुणाला विचारायचं, या काळजीनं तिला आठ दिवस झोप नव्हती. तिला वाटलं, देवच पावला. त्यांचा नंबर घे, म्हणाली, मी प्रश्न लिहून पाठवते.

माझी परिस्थिती अशी होती. वय एकतीस. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत नोकरी, आणि आमचं डिपार्टमेंट मनिलाला हलणार म्हणून जूनमध्ये ती संपणार. नोकरी संपली की इथे राहायचा पास संपला, पास संपला की सिंगापूर संपलं. मग एक तर ठाण्याला भावाच्या दोन खोल्यांत वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचं, नाही तर वरुणला हो म्हणून ओमाहा गाठायचं. वरुण तिथल्या एका विमा कंपनीत इंजिनिअर. दर रविवारी वीस मिनिटं फोन करायचा, नीट बोलायचा. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत. उत्तर पाडव्याच्या आत द्यायचं होतं.

तर दर शनिवारी दुपारी जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, मी आणि राजस — हे त्याचं नाव — आईच्या प्रश्नांची यादी घेऊन बसायला लागलो. देऊळ आहे का? आहे. तुरीची डाळ मिळते का? मिळते. लोक कसे आहेत? चांगले आहेत. तो एकेका प्रश्नाला परीक्षेतल्यासारखं उत्तर द्यायचा, आणि यादी संपली की आमचं भांडण सुरू व्हायचं. तो ओमाहाच्या बाजूनं, मी विरुद्ध. तो सांगायचा, तिथे आभाळ केवढं मोठं दिसतं. न विचारता शेजारी तुमच्या दारातला बर्फ काढून जातो. मार्चमध्ये गाडीनं दोन-तीन तासांवरच्या एका नदीवर लाखो क्रौंच पक्षी उतरतात. मी म्हणायचे, पक्षी येऊन जातात, मला राहायचंय. पाच महिने बर्फ, दारात बस नाही, नवऱ्याच्या व्हिसावर गेलं की नोकरी करायची सोय नाही. इथे कसं, चप्पल घालून खाली उतरलं की निम्मं जग हाताशी. बसचा विषय निघाला की तो गप्प व्हायचा. मला ते दिसायचं, पण मी समजायचे की वाद जिंकले.

तिसऱ्या शनिवारी मला कळून चुकलं, की मी आईचे प्रश्न संपू नयेत म्हणून स्वतःच चार जास्तीचे घालतेय. तो आधी येऊन टिश्यूच्या पाकिटानं माझी जागा अडवून ठेवायचा. माझ्या ताटलीतल्या लाल मिरच्या बोलता बोलता उचलून आपल्या कडेला ठेवायचा... आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. मी 'तू' म्हणायला लागले तरी हा आठवडाभर 'तुम्ही'च्या उंबरठ्यावर अडून होता.

"उद्यापासून मलाही तू म्हण," मी म्हटलं.

"उद्या कशाला," तो एकदम घाईनं म्हणाला, "आत्ताच म्हणतो. गार्गी — तू."

इतक्या साध्या गोष्टीची एवढी घाई का, हे मला तेव्हा कळलं नाही.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, त्यानं म्हणावं की ओमाहा वाईट आहे, जाऊ नकोस. मी त्याच दिवशी नकार कळवला असता. पण हा पठ्ठ्या बधायलाच तयार नाही. प्रेम असलं तर माणूस खोटं का होईना, बोलतो की! मी इतकी चिडायचे, की घरी येऊन भांडी आपटायचे.

पाडव्याआधीचा शेवटचा शनिवार. पाऊस असा कोसळत होता, की समोरचे ब्लॉक दिसेनासे झाले होते. आईनं नवीन प्रश्न पाठवलाच नव्हता. तिची खात्री पटली होती. मी यादी न काढताच म्हटलं,

"इतकं चांगलं आहे तर तू ते सोडून का आलास?"

त्यानं चहाचा ग्लास बाजूला सारला. मग बोलला, सरळ, आवाज न चढवता.

त्याचं लग्न झालं होतं. प्रणिता. साताऱ्याची, शाळेत गणित शिकवायची. त्याच्याबरोबर ओमाहाला गेली आणि घरात अडकली. तिथे गाडी चालवता आली नाही तर बाईमाणसाला घर म्हणजे कोठडी. ऑगस्टपासून ती म्हणत होती, मला गाडी शिकव. हा म्हणायचा, पुढच्या शनिवारी. ऑफिसचं काम, मग दिवाळी, मग बर्फ पडायला लागला. बर्फ वितळू दे, मग शिकवतो. जानेवारीत एका संध्याकाळी ती दीड मैलावरच्या लायब्ररीत चालत निघाली. फुटपाथ बर्फाखाली गेलेला, म्हणून रस्त्याच्या कडेनं. मागून आलेला ट्रक घसरला.

"तो ड्रायव्हर पळून गेला नाही," राजस म्हणाला. "दवाखान्यात माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. शेजाऱ्यांनी पंधरा दिवस जेवण आणून दिलं. लोक चांगलेच आहेत, गार्गी."

मग तो माझ्याकडे वळला.

"तू दर शनिवारी मला म्हणायला लावत होतीस, की ओमाहा वाईट आहे. ते एकदा म्हटलं, की सगळं त्या बर्फावर ढकलून मी मोकळा. मला मोकळं व्हायचं नाहीये. शहर चांगलं होतं. मी वाईट होतो."

महिनाभर मी लाडीगोडीनं, रुसून, चिडून त्याच जखमेत बोट घालत होते, आणि हा माणूस मिरच्या वेचून कडेला ठेवत होता. मला रडू फुटलं. आणि रडता रडताच, माझा स्वभावच तसा, मी बोलून टाकलं.

"मला ओमाहा नको, वरुणही नको. मला तू हवा आहेस. आता तुला काय वाटतं ते सांग, की मी सुटले."

"मलाही तू हवी आहेस," तो म्हणाला. असं म्हणाला, जसं काही गुन्हा कबूल करतोय. "पण वरुणची एवढी चौकशी केलीस, माझी कुणाकडे केलीस?"

त्यानं फोन काढला, एक नंबर समोर धरला. साताऱ्याचा. प्रणिताच्या आईचा. तीन वर्षांत त्यानं तो एकदाही लावला नव्हता. त्यांना विचार, म्हणाला; माझ्याबद्दल खरं त्याच सांगतील.

त्याला वाटलं असेल, ही घाबरेल. मी तिथल्या तिथे माझ्या फोनवरून नंबर लावला. साताऱ्यात दुपारचा दीड वाजला होता. एका बाईनं उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती. मी माझं नाव सांगितलं, सिंगापूरहून बोलतेय म्हणाले, आणि राजसची चौकशी करायची आहे, असं सरळ सांगून टाकलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

त्यांनी आधी जाऊन गॅस बंद केला.

"माणूस वाईट नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण आजचं उद्यावर टाकतो. माझी पोर त्याच्या उद्याची वाट बघत गेली." मग जरा थांबून विचारलं, "तिथंच आहे का तो? मी रोज म्हणते, आज तरी फोन करेल."

मी फोन त्याच्यापुढे धरला. तो मागे सरकला. मान हलवत, ओठांनीच, आवाज न करता म्हणाला: नंतर... नंतर करतो.

"नंतर नाही," मी म्हटलं. "नंतर म्हणालास तर मी आत्ता उठून जाईन, राजस, आणि तुला कधी दिसणार नाही."

मी खुर्ची मागे सारून उभीसुद्धा राहिले. शेजारच्या टेबलावरची चिनी म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि शेवटी दोन्ही हातांनी तो घेतला.

"आई," तो म्हणाला, "मी राजस."

पुढचं मला ऐकू आलं नाही. त्या बोलत होत्या आणि तो नुसता 'हो' म्हणत होता. दर 'हो'ला आवाज आणखी फुटत होता. त्याला शिव्या मिळत होत्या की माया, कळायला मार्ग नव्हता, आणि दोन्ही त्याला मिळायलाच हव्या होत्या. मी परत बसले. मग त्यानं एक हात फोनवरून काढला आणि टेबलावरून माझं मनगट घट्ट धरलं.

त्यांचं बोलणं पाऊण तास चाललं. तेवढ्यात मी त्याचा फोन ओढला आणि एका हातानं, अक्षर अक्षर शोधत, त्यावरून आईला मेसेज केला: मी गार्गी. वरुणच्या घरी आजच नकार कळव. शहर चांगलं आहे, मुलगाही चांगला आहे. पण मुलीचं इथे जमलंय.