शिंगशंखाची चौकट

थर पहिला, अगदी तळाचा. रंग राखाडी. खिळ्याने ओरखडा उठतो, नखाने उठत नाही. आत काहीही दिसत नाही.

"'काहीही दिसत नाही' असं लिहिलंस?" भोंग्याने विचारलं. "सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि आपण काहीही न दिसणारी भिंत बघत बसलोय."

"दिसलं असतं तर लिहिलं असतं," खडू म्हणाली. "आता वरच्या कट्ट्यावर चल. टेप मी धरते, तू चढून टोक लाव."

"मी का चढू? हलकी तू आहेस."

"म्हणूनच. मी पडले तर कुणाला कळणारही नाही. तू पडलास तर लोक भूकंप समजून घराबाहेर पळतील."

भोंगा हा खडूचा मामेभाऊ. त्याचा आवाज असा, की तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या घरातून 'काय म्हणालास?' अशी विचारणा व्हायची. खडूच्या खिशात सदान्‌कदा खडू असायचा, म्हणून ती खडू. आणि दोघांच्या मागे, नाकापर्यंत आलेली खाणीतली पिवळी कडक टोपी सावरत चालणारी खडूची धाकटी बहीण ती शेपटी.

विज्ञानाच्या बाईंनी सुट्टीत एकच काम दिलं होतं. एक जागा निवडायची आणि तिचं वर्णन करायचं. दिसतं तेवढं लिहायचं, वाटतं ते लिहायचं नाही. कुणी बाग निवडली, कुणी बसस्टॉप. खडूने दगडाची खाण निवडली, कारण बाबा तिथे वजनकाट्यावर होते. खाणीची उंच भिंत, तिच्यात वर पायरीसारखा कापलेला कट्टा, पायथ्याशी पत्र्याची केबिन, केबिनीत बाबा, समोर ट्रक. जेवणाच्या सुट्टीत करवत बंद असताना मुलांनी भिंतीजवळ जायला हरकत नव्हती.

खाणीत जुनं खाली असतं आणि नवं वर. समुद्राच्या तळाशी गाळ बसला, त्यावर दुसरा गाळ बसला, दाबून दाबून त्याचा दगड झाला, म्हणून. कागदावर मात्र जुनं वर येतं. तेवढी उलटापालट वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावी.

थर दुसरा. लाल चिकणमाती. जाडी एक वीत. कोरडी. खिळ्याने खरवडली तर पिठासारखी भुकटी पडते.

"जिभेला चिकटते," शेपटीने माहिती दिली.

"चाटलीस?"

"दिसतं तेवढं लिहायचं म्हणाल्या बाई. लागतं तेवढं लिहू नका, असं कुठे म्हणाल्या?"

थर तिसरा, सगळ्यात जाड. पिवळट दगड. शिंपल्यांनी गच्च भरलेला. शिंपले सगळे पालथे. एक मोठा शंख, मेंढ्याच्या शिंगासारखा गोल गुंडाळलेला, भिंतीतून थोडा पुढे आलेला. शंखाच्या मधून उभी चीर. चिरेचे दोन्ही काठ सारख्या पातळीत.

खाणीत सगळे त्याला शिंगशंख म्हणत. साहेबांचा, म्हणजे खाणीच्या व्यवस्थापकांचा, त्याच्यावर फार जीव. तो कापून काढून ते ऑफिसच्या दर्शनी भिंतीत बसवणार होते. त्याच्यासाठी जाड लाकडाची गोल चौकटसुद्धा करून घेतली होती.

खडूनेही आपली तयारी आणली होती. तिची मावशी दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्याकडून कवळीचं माप घ्यायचं गुलाबी मेण मिळालं होतं. थर्मासमधल्या गरम पाण्यात ते मऊ केलं, शंखावर दाबलं, गार होऊ दिलं आणि अलगद सोडवलं. मेणात शंखाचा वळसान्‌वळसा उमटला होता. चिरेची रेघसुद्धा, केसासारखी.

"समुद्राची कवळी," भोंगा म्हणाला.

घरी त्यात प्लास्टर ओतून शंख तयार करायचा होता. पण घरी जाताना शेपटी मेणावर बसली.

आता दुरुस्ती.

चांगलं वर्णन एकदा लिहून संपत नाही. मेणाचा एक कोपरा मोडला होता, त्यामुळे दोनच दिवसांत तिघं पुन्हा कट्ट्यावर आली. खडूने मेण शंखावर ठेवलं. ते बसेना. तिने फिरवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. डावीकडे दाबलं की उजवीकडून उठायचं, आणि उजवीकडे दाबलं की डावीकडून.

"मी कोपऱ्यावर बसले होते," शेपटी घाईघाईने म्हणाली. "मध्ये नाही."

खडूने मेण बाजूला ठेवलं आणि चिरेवरून बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे जाताना बोट अडलं. शंखाचा उजवा अर्धा भाग पुढे आला होता, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा.

तिने कागद काढला, 'चिरेचे दोन्ही काठ सारख्या पातळीत' यावर काट मारली आणि नवं लिहिलं. मग खाली वाकून लाल थरात खिळा टोचला. भुकटी पडली नाही. खिळा लोण्यात जावा तसा आत गेला आणि त्याच्याबरोबर लाल पाणी बाहेर आलं.

'कोरडी' यावरही काट.

"पाऊस तर नाही पडला," भोंगा म्हणाला.

"नाही पडला. मग पाणी कुठून आलं?"

तिघं कच्च्या रस्त्याने वळसा घालून भिंतीच्या माथ्यावर गेली. तिथे दगड कापायची करवत होती. करवत तापू नये म्हणून तिच्यावर सतत पाणी सोडत. ते पाणी दूर न्यायला चर खणायचा ठरला होता, तो अर्ध्यावरच राहिला होता. पाणी भिंतीमागच्या खड्ड्यात जाऊन तुंबत होतं. खड्डा मात्र कधीच भरून वाहत नव्हता.

"म्हणजे पाणी आत जातंय," खडू म्हणाली. "पिवळ्या दगडाला चिरा आहेत, त्यांतून खाली उतरतंय. लाल मातीवर येऊन थांबतंय. ती माती आता साबण झाली आहे, भोंग्या. आणि साबणावर अख्खा पिवळा दगड उभा आहे."

"आणि तो घसरला, तर खाली?"

खडूने खाली पाहिलं. माथ्यावरून केबिनीचा पत्रा दिसत होता. बाबांचा हात खिडकीतून बाहेर येऊन एका ट्रकला पुढे बोलावत होता.

ऑफिसात साहेबांनी मेण हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि हसले.

"मेण आहे हे, बाळ. उन्हात वाकतं. वर तुझी बहीण बसली होती म्हणतेस."

"कोपऱ्यावर," शेपटी म्हणाली.

"पण लाल माती ओली आहे," खडू म्हणाली.

"खाणीत ओल असतेच. मोठा माल जायचाय, बाहेर ट्रकांची रांग लागली आहे. भिंतीची काळजी करायला आम्ही मोठी माणसं आहोत ना?"

मेण वाकतं, हे खोटं नव्हतं. म्हणून तर खडूला जास्त राग आला. ती तरातरा काट्यावर गेली.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"मी बसतो गं. पण काटा येईल का माझ्याबरोबर?"

"बाबा, भिंत सरकते आहे."

बाबांनी मान वाकडी करून वर पाहिलं. खालून भिंत भिंतीसारखीच दिसत होती. "साहेबांना सांगितलंस ना? मग झालं. ते जाणते आहेत. माझं काम वजन करायचं." आणि त्यांनी पुढच्या ट्रकला हात केला.

ट्रकांच्या सावलीत तिघं उकिडवी बसली. भोंग्याने चार योजना सांगितल्या. त्यांतल्या तीन ट्रकच्या टायरमधली हवा सोडण्याच्या होत्या. खडूचं लक्ष नव्हतं.

"आपलं माप त्यांना पटणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मग त्यांना कुणाचं पटेल?"

"देवाचं," भोंगा म्हणाला.

"स्वतःचं," खडू उठत म्हणाली.

सुतारकाका ऑफिसच्या दारातच रंधा मारत बसले होते. शिंगशंखाची गोल चौकट त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकवलेली होती. दार उघडं, आत साहेब. खडू काकांसमोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली, "काका, तुमची चौकट शंखावर बसणार नाही."

रंधा थांबला. "काय म्हणालीस?"

"बसणार नाही. डुगडुगेल."

"अगं, मागच्या आठवड्यात साहेबांसमोर लावून बघितली. नख जाईना मध्ये."

"आज बोट जाईल."

"चौकट बसत नाही?" भोंग्याने फक्त विचारलं. पण त्याचं विचारणं रांगेतल्या शेवटच्या ट्रकपर्यंत गेलं. ड्रायव्हर खाली उतरले. चहाचे पेले हातात घेऊनच दोघं-तिघं पुढे आले. एकाने सुतारकाकांना विचारलं, "काय हो, बिघडली का चौकट?"

काका लाल झाले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि साहेब बाहेर आले.

"माप मी स्वतः घेतलंय," ते म्हणाले. "उचला ती चौकट. एकदा या पोरांचं समाधान करून टाकू."

कट्ट्यावर खडू सगळ्यांच्या पुढे होती. "उजवीकडे कुणी उभं राहू नका," ती म्हणाली. साहेब हसले, पण उभे राहिले डावीकडेच.

सुतारकाकांनी हात लांबवून चौकट शंखाभोवती टेकवली आणि दाबली.

टक.

दुसऱ्या बाजूने दाबली. टक.

"वाकडी झालीय," साहेब म्हणाले. "लाकूड ओलं असणार."

सुतारकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. कट्ट्यावर करवतीने कापलेली एक सपाट फरशी पडली होती. त्यांनी चौकट तिच्यावर आडवी ठेवली आणि चारी बाजूंनी बोटांनी दाबून दाखवली. चौकट हलली नाही.

"आता सांगा साहेब, आम्हा दोघांत वाकडं कोण? मी की भिंत?"

साहेबांनी चौकट घेतली आणि स्वतः लावली. एकदा, मग परत एकदा. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि खडूसारखंच चिरेवरून बोट फिरवलं. बोट अडलं. आता अंतर अर्ध्या पेराहून जास्त होतं.

खडूने लाल थरात खिळा टोचला आणि सोडून दिला. तो तसाच आत राहिला. त्याच्या कडेने पाणी पाझरत होतं.

"हे पाणी कुठलं?" साहेबांनी हळू विचारलं.

"तुमच्या करवतीचं. चर अर्धाच खणला आहे."

साहेबांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. खाली केबिनीचा पत्रा, खिडकीत एक हात, समोर ट्रक. त्यांनी हाक मारली, पण ट्रकांच्या आवाजात ती खाली पोचली नाही.

"भोंग्या," खडू म्हणाली. "तुझं काम."

आजवर भोंग्याला सगळ्यांनी फक्त 'हळू बोल' एवढंच सांगितलं होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि खाली केबिनीकडे तोंड केलं.

"काका, बाहेर पळा! ट्रक मागे घ्या!"

खाली हात क्षणभर खिडकीत थांबला. मग केबिनीचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. आधी चालत. मग वर कट्ट्यावरून साहेब दोन्ही हात हलवताहेत हे दिसलं, तेव्हा पळत.

सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात नवं.

करवत बंद झाली. पंप लावून खड्डा उपसला. भिंतीच्या पायथ्याला लांबून दोर बांधले आणि त्यांच्या आत कुणी जायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे फाटकाशी उभे असताना पिवळा दगड सुटला. आवाज आधी अगदीच लहान आला, फांदी मोडल्यासारखा. मग भिंतीचा अर्धा भाग कट्ट्यावर बसला, कट्ट्यावरून घसरला आणि केबिनीवर आला. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा केबिन नव्हती. होता तो नुसता पिवळा ढीग.

 

बाबा त्या ढिगाकडे बघत राहिले. त्यांनी खाली न बघताच हात लांबवला, शेपटीची टोपी चाचपली, मग खडूचा खांदा शोधला आणि तिथेच हात ठेवला. तो हात जड होता.

भिंतीवर जिथून दगड सुटला होता, तिथे नवी जागा उघडी पडली होती. ओल्या वाळूवर लाटांनी ओढाव्यात तशा रेघा तिच्यावर होत्या, एकामागे एक, सगळ्या एकाच दिशेने कललेल्या. समुद्राचा तळ. तो आजवर कुणीही पाहिला नव्हता.

खडूने नवा कागद काढला.

साहेब तिच्याजवळ आले. त्यांनी घसा साफ केला, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "माझं चुकलं," ते ड्रायव्हरांच्या देखत म्हणाले. "आणि तू हटली नाहीस, ते फार बरं केलंस." मग जरा थांबून म्हणाले, "खाणीला अजून तीन बाजू आहेत. त्या भिंतीही बघायला हव्यात. तू दाखवशील का, काय काय बघायचं ते?"

"दाखवीन," खडू म्हणाली. "लांबून."

"चल तर मग," म्हणत साहेब सवयीने पुढे निघाले.

"साहेब," बाबांनी हाक मारली. आजवर त्यांनी साहेबांना कधी थांबवलं नव्हतं. "तुम्ही तिच्या मागून चाला."