मृत आज्ञा

तिसऱ्या पातळीवर आल्यापासून निशिकांत ढवळे पुन्हा कबड्डीचं समालोचन करू लागला होता. चढाईपटूचा पाय रेषेला लागतो न लागतो तोच त्याचा शब्द बाहेर पडायचा. सांगलीची मैदानं खूश होती. त्याची बायको ऋजुता मात्र मेंदूसेतूच्या प्रयोगशाळेत तक्रार घेऊन आली होती.

पक्षाघाताने निशिकांतच्या मेंदूचा एक भाग निकामी झाला, तिथे चिप बसवली होती. एका काठावरचे विचार दुसऱ्या काठाला पोचवणारी, म्हणून मेंदूसेतू. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला काटछाटीची जितकी मोकळीक द्यावी, तितकी पातळी वरची. पहिलीवर तो काहीच गाळत नाही. पण तेव्हा निशिकांतचं एक वाक्य होईपर्यंत चहा निवून जायचा.

"काल ओवीचा वाढदिवस होता," ऋजुता म्हणाली. "आमची मुलगी. कृष्णेत बुडाली. मी विषय काढला, तर त्यानं सगळं घडाघडा सांगितलं आणि लगेच विचारलं, जेवायला काय केलंयस?"

सेतूच्या अभियंता नाझनीन मुजावर सावकाश बोलल्या. "आठवण शाबूत आहे, ताई. पण ज्या आकडेमोडीचं उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नाही, तिला आम्ही मृत आज्ञा म्हणतो. तिसरी पातळी त्या गाळते. झुरण्यातून काहीच घडत नाही. कंपायलरच्या लेखी ते बिनकामाचं."

"मग पहिलीवर न्या त्याला."

"त्यांना विचारावं लागेल."

"कुणाला? विचारात पडणारा माणूसच गाळलात ना तुम्ही?"

"पहिलीवर नेऊन विचारू," नाझनीन म्हणाल्या.

निशिकांतला बोलावून पातळी उतरवली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू पिळवटत गेला. ऋजुताने त्याचा हात घट्ट धरला. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

"ओवी..." तो म्हणाला. दोघी पुढच्या शब्दासाठी थांबल्या. "नको हे... ऋजू. परत... तिसरीवर ने."

"निशी, नीट विचार कर."

"केला."

सगळं आठवून, सगळं सोसून दिलेलं उत्तर होतं ते. ऋजुताने होकारार्थी मान हलवली. नाझनीननी पातळी चढवली. निशिकांतने गाल पुसले आणि "चल, सामना आहे," म्हणत तो बाहेर गेला.

दारात ऋजुता वळली. "माझ्यासाठी असं काही नाही का?"

"निरोगी मेंदूत सेतू बसवायला परवानगी नाही," नाझनीन म्हणाल्या. "अजून तरी."

ऋजुता तिथेच उभी राहिली. बाहेरून निशिकांत हाका मारत होता, खणखणीत आवाजात.