तळ्याकाठी साडेतीनपर्यंत

ती दोघं भेटली एका तळ्याच्या काठावर. पण कोल्हापूरचा रंकाळा किंवा कळंबा डोळ्यांपुढं आणाल तर फसाल. हे तळं कॉम्प्युटरच्या पडद्यात होतं. २००७ सालची गोष्ट. फोन तेव्हा फक्त बोलायच्या कामाचा होता, आणि इंटरनेटवर जायचं म्हणजे खुर्ची ओढून, पाठ ताठ करून, एखाद्याच्या घरी गेल्यासारखं जायचं.

त्या जागेचं नाव लेकसाइड. आज तिचा मागमूस नाही. तिथं नाव घेऊन शिरलं की एक बाहुली मिळायची, राहायला टुमदार घर, नाचायला हॉल, फिरायला फुलबाग. आणि पाऊस... बाहेर एप्रिलचं ऊन डांबर वितळवत असायचं, तेव्हाही लेकसाइडच्या तळ्यावर बारीक पाऊस पडत असायचा.

चंदना मगदूम राजारामपुरीत, आठव्या गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. वय तेवीस. बारावीला मार्क चांगले होते, पण "पोरीनं एवढ्या लांब कशाला जायचं" म्हणून वडिलांनी इंजिनियरिंगचा फॉर्म भरू दिला नाही. ती सल तिनं कुणाला बोलून दाखवली नाही. दुपारी दोनची बॅच सुटली की मात्र कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून ती रेवा व्हायची. रेवा बेंगळूरला होती, सॉफ्टवेअर इंजिनियर होती, काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसत होती.

लेकसाइडला सगळ्यांचा उद्योग एकच, मासे पकडणं. मासे जमले की होडी मिळायची. पडद्यावरचा मासा खोटा असतो हे चंदनाला कळत का नव्हतं? पण जिथं सूर्य बुडायच्या आत ताटं वाढली जातात अशा जैनाघरची ती. गळ काही तिला हातात धरवेना. म्हणून ती नुसती बाकावर बसायची.

"तुझा गळ कुठाय?" निळ्या टोपीच्या एका बाहुलीनं तिला एके दिवशी इंग्रजीत विचारलं. नाव होतं कॅप्टन.

"मी मासे पकडत नाही."

"मग तळ्यावर कशाला येतेस?"

"बसायला."

तेवढ्यात त्याच्या गळाला लागलेला मोठा मासा दोरी तोडून पळाला आणि कॅप्टननं इंग्रजी अक्षरांत लिहिलं — "आयला."

चंदना क्लासात एकटीच फसकन हसली. "तुम्ही मराठी?"

"तोंडातून निघून गेलं... माफ करा."

"नाही करणार. इथं येऊन सहा महिने झाले, आज पहिल्यांदा कुणी मराठीत बोललं."

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आला तो हात हलवत. तिनं गळाचं विचारलं तर म्हणाला, "सोडला. मीसुद्धा बसायला आलोय."

मग काय, रोजचंच झालं. तो मुंबईचा, नरिमन पॉइंटला ऑफिस, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. तो विचारायचा, काय खातेस? ती पुड्यातलं भडंग तोंडात टाकत लिहायची, पिझ्झा. एकदा त्यानं तिला नाचाच्या हॉलमध्ये नेलं. बाहुल्यांना तीनच पावलं येत होती, तीच तीच. पण चंदना आयुष्यात कुणाबरोबर नाचली नव्हती. त्या तीन पावलांना तिचे कान तापले.

"रेवा, तू गप्प का झालीस?"

"पावलं मोजतेय."

"किती झाली?"

"विसरले... पहिल्यापासून नाचूया."

या सगळ्याला एक शत्रू होता. लोडशेडिंग. साडेतीनला लाईट जायची ती साडेपाचला यायची. क्लासचे यूपीएस कधीच निकामी झालेले. वाक्य अर्धं असतानाच पडदा काळा. साडेपाचला ती पुन्हा बसायची आणि थाप मारायची, "मीटिंगला बोलावलं अचानक." तो लिहायचा, "हरकत नाही, मलाही बॉसनं बोलावलं होतं." किती समजूतदार माणूस, असं तिला वाटायचं.

तळ्यावर लोला नावाची एक बाई असायची. फिलिपाइन्सची, निवृत्त नर्स. भारी चौकस. एका संध्याकाळी तिनं सरळ विचारलं, "तुम्ही दोघं नवरा-बायको आहात का?"

"छे," दोघांनी एकदमच लिहिलं.

"मग बोलता बोलता दोघं एकदम गायब कसे होता? आणि दोन तासांनी एकदमच उगवता. मी रोज बघते. घड्याळ लावल्यासारखे."

चंदनाची नजर भिंतीवरच्या कात्रणाकडं गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक. साडेतीन ते साडेपाच : राजारामपुरी, टाकाळा, सम्राटनगर. आणि मुंबईत लाईट जातच नाही, हे क्लासचे मालक आण्णा दिवसातून तीनदा चडफडत सांगायचे.

म्हणजे हा इथंच होता. हाकेच्या अंतरावर.

क्षणभर तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या क्षणी दुसरंच ध्यानात आलं. त्याला आवडली होती ती सातव्या मजल्यावरची रेवा. आठव्या गल्लीतली, पोरांना टायपिंग शिकवणारी चंदना त्याला कशाला आवडावी? तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि आठ दिवस त्या खुर्चीकडं फिरकली नाही.

नवव्या दिवशी राहवेना. तीन वाजून वीस मिनिटांनी ती तळ्यावर पोचली. लोला एकटीच होती.

"आलीस? तो रोज येऊन बाकावर बसत होता. आज शेवटचा दिवस म्हणाला. खातं बंद करणार आहे."

तेवढ्यात निळी टोपी दिसली.

"रेवा..."

"कॅप्टन, खातं का बंद करताय?"

"तू येत नव्हतीस. मग इथं काय करू? मला मासे पकडायचा कंटाळा आलाय."

घड्याळात तीन सत्तावीस. चंदनानं कीबोर्ड जवळ ओढला. तिनं लिहिलं, "मी बेंगळूरला नाही. राजारामपुरीत असते, कॉम्प्युटर क्लासात." आणि पाठवून दिलं. मग घाईघाईनं, "इंजिनियर नाही. आठव्या गल्लीत—"

पडदा काळा झाला.

पहिलं वाक्य पोचलं की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. ती अंधाऱ्या क्लासात तशीच बसून राहिली. बाहेर सगळी गल्ली दारात आली होती. शिंपी, झेरॉक्सवाला, पार्लरवाल्या बायका. चार वाजले, साडेचार वाजले. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती उठत होती आणि बसत होती. पाच वाजून गेल्यावर तिनं उठायचं सोडून दिलं.

"रेवा मॅडम हायत काय हितं?"

दारात क्लासची झाडलोट बघणारी आक्का पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. "कोण रेवा? हितं कोण रेवा न्हाय, पावणं. फुडं बघा."

"फुडं काय बघू, आक्का? अकरा क्लास पालथं घातलं. हा बारावा."

चंदना आतल्या अंधारात उभी होती. तिला तो दिसत होता, त्याला ती नाही. सावळा, घामानं भिजलेला, चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून पाय ओढत चालत होता. समुद्राच्या खिडकीतला साहेब नव्हताच तो. आणि म्हणूनच तिला इतका आवडला की डोळे भरून आले. गप्प राहिली असती तर कुणालाच कधी काही कळलं नसतं.

तो वळला.

"कॅप्टन," ती म्हणाली.

आक्काचा पुठ्ठा हवेतच थांबला.

"मी रेवा. म्हणजे... रेवा न्हाय. चंदना मगदूम. हितं शिकवते. ते सगळं खोटं हुतं."

तो कपाळावरचा घाम पुसून हसला. "माझा तरी कुठला नरिमन पॉइंट? टाकाळ्यावर फोटो स्टुडिओ हाय. पासपोर्ट साइज. प्रसेनजीत कांबळे."

मगदूम आणि कांबळे. कोल्हापुरात आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. दोघांच्या मध्ये ती दोन आडनावं थोडा वेळ उभी राहिली. आक्कानं उगाचच चपला सरळ लावायला घेतल्या.

"नाव कळलं न्हवं आता?" तो हळू आवाजात म्हणाला. "जावा म्हणालासा तर जातो. राग धरणार न्हाय."

"अकरा क्लास फिरून आलासा, आनी आता जातो म्हणता?"

"तुमच्या घरात..."

"घरात कोण ऐकणार न्हाय. वडील तर वर्सभर बोलायचं न्हाईत माझ्याशी." आणि तिनं लगेच विचारलं, "तुमच्या घरात?"

"आई रडंल. मग जेवाय बोलवंल."

ती रडता रडता हसली. "मला तुम्हीच पायजे," ती म्हणाली. आक्का ऐकते आहे, गल्ली बघते आहे, याचं तिला काही वाटलं नाही.

वडील खरंच बोलले नाहीत, एक नाही, तीन वर्षं. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक?

क्लासातले पंखे घरघरले. सगळ्या गल्लीत "आली, आली" झालं, शिंप्याचं मशिन सुरू झालं, दारातली माणसं आत गेली.

"लाईट आली," प्रसेनजीत म्हणाला.

"येऊ दे," चंदना म्हणाली, आणि पायरीवर सरकून तिनं त्याला बसायला जागा केली.